फोनमध्येच तर लिहिलं होतं

सभागृहाला दार एकच, आणि त्या दारातच माणसं तुंबली होती. ढकलाढकली नाही, भांडण नाही. सगळे आपापल्या फोनात मान घालून एका बोटानं काहीतरी टाइप करत उभे. दारावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘मोफत वायफाय. आधी जोडा, मग बसा.’ फुकट म्हटल्यावर जोडायला कोण मागे राहतंय? साठीच्या पुढची अडीचशे माणसं. निम्म्यांच्या हातात फोन येऊन वर्षही झालं नव्हतं, पण रुबाब असा की इंटरनेटला यांनीच लहानाचं मोठं केलं.

“जोडलं का तुम्ही?”

“केव्हाच. माझा लगेच जुळतो.”

“माझ्यात तर हल्ली आपोआपच येतं.” हे सांगणाऱ्या गृहस्थांना अजून आवाज कमी कसा करायचा ते सापडलेलं नव्हतं. त्यांचा फोन दर मिनिटाला कोंबड्यासारखा आरवत होता.

या गर्दीत ऑपरेटरबाई आपल्या धाकट्या बहिणीमागे उभ्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडसेट लावून काढली होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी बिल्डिंगमध्ये त्यांना त्याच नावानं हाक मारत. लग्न केलं नाही. धाकटीचा नवरा गेल्यावर तिला आपल्याकडे आणलं आणि तेव्हापासून दोघी एका घरात राहत होत्या. बाईंकडेही भाच्यानं दिलेला नवा फोन होता, पण तो त्या फोन करायला आणि वेळ बघायला वापरत. बाकीचं त्यातलं आपल्याला काही येत नाही असं त्या सरळ सांगायच्या. ही गोष्ट बिल्डिंगमध्ये फार खालच्या दर्जाची समजली जाई.

“ताई, तू पण जोड ना,” धाकटी म्हणाली.

“मला कशाला? मी तुझ्याबरोबर आलेय.”

“बाई अजून मागच्या जमान्यात आहेत,” मागून हेडक्लार्क म्हणाले. हे दुसऱ्या मजल्यावरचे, कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आठ महिन्यांपूर्वी हा माणूस फोन उलटा धरून ‘हॅलो’ म्हणत होता. आता दर शनिवारी बिल्डिंगच्या बैठकीच्या खोलीत ‘ज्येष्ठांसाठी इंटरनेट वर्ग’ घ्यायचा. वर्गात फुलांचे फोटो पुढे पाठवायला शिकवत, आणि ते येऊ लागलं की विद्यार्थी ‘जाणकार’ झाला असं जाहीर करत. धाकटी त्यांची जाणकार नंबर अकरा, आणि या सभेलाही त्यांनीच तिला आणलेलं.

आत खुर्च्या दहा-दहाच्या रांगेत मांडलेल्या होत्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर नंबर होता. स्टेजवर एक सोफा, सोफ्यावर अंतर्यामी गुरू. पंखे गरगरत असताना आणि लोक वहीनं वारा घेत असताना या गृहस्थानं कानावरून गळ्यापर्यंत लोकरीची कानटोपी ओढलेली. का, तर म्हणे टोपी काढली की सिग्नल बाहेर सांडतो.

“मित्रहो,” गुरूनं सुरुवात केली, “तुम्ही अडाणी नाही. अडाण्यांचं माझ्याकडे काम नाही. तुम्ही इंटरनेट वापरणारी माणसं. तुम्ही कुणाच्या शब्दावर जायचं नाही. माझ्यासुद्धा नाही. मी बोलतो, तुम्ही फोन काढायचा आणि खात्री करून घ्यायची.”

लोक सुखावले. घरात ज्यांना नातवंडं फोनला हात लावू देत नव्हती, त्यांना इथे कुणीतरी चारचौघांत जाणकार म्हणत होतं.

“वर एक मोठं नेट आहे,” गुरू पुढे म्हणाला. “तुमचं नेट ही त्याची झेरॉक्स. तुमच्या फोनला टॉवर लागतो. मला लागत नाही, कारण मीच टॉवर आहे. तुमच्या सगळ्या जन्मांचा डेटा वर साठलेला आहे आणि मला त्याचा पासवर्ड मिळालेला आहे.”

मग त्यानं डोळे मिटले, कपाळाला दोन बोटं लावली आणि तिसऱ्या रांगेकडे वळला. “इथे मधे कुणीतरी आहे. राखाडी साडी. बाई, चौदा वर्षं झाली. रोज दोनदा. पोटात सुई.”

राखाडी साडी धाकटीची होती. तिचा हात तोंडावर गेला.

“कंटाळलात तुम्ही. पण मोठ्या बहिणीला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही.”

धाकटी रडायलाच लागली. शेजारच्या बाई तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या आणि फिरवता फिरवता त्याही रडल्या.

“तुमचं स्वादुपिंड मेलेलं नाही. झोपलंय. रोज सुई मिळतेय तर ते कशाला उठेल? एकवीस दिवस सुई बंद. मग बघा. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. फोन काढा, विचारा.”

धाकटीनं फोन काढला. वायफाय जोडल्यावर जे पान उघडलं होतं त्यावर एक चौकोन होता, ‘इथे विचारा.’ तिनं एका बोटानं विचारलं, आणि उत्तर आलं. तिनं ते ताईच्या नाकासमोर धरलं. सुई बंद केल्यावर एकवीस दिवसांत स्वादुपिंड जागं होतं, असं जगभरातल्या मोठमोठ्या डॉक्टरांचं मत होतं म्हणे. आजूबाजूच्या वीसेक जणांनी तेच विचारलं, त्यांनाही तेच आलं. वीस फोन खोटं कसे बोलतील? हेडक्लार्कांनी उभं राहून दोन्ही हात वर केले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पैसे टाकायची सेवेची पेटी रांगांमधून फिरायला लागली.

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी जाताना त्यांनी धाकटीला एवढंच बजावलं, “सुई बंद करायची नाही.” धाकटी “बरं” म्हणाली. बाईंना वाटलं, विषय संपला.

हा रविवार. बुधवारी सकाळी धाकटी पाण्याचा तिसरा जग संपवत होती. तोंड कोरडं, डोळे खोल गेलेले, बाथरूमच्या खेपा चालू. बाईंनी फ्रिजवरचा बिस्किटाचा जुना डबा उघडला. वापरलेल्या सुया त्यात टाकायची पद्धत होती. रविवारी होत्या तेवढ्याच सुया त्यात पडलेल्या होत्या.

बाईंनी धाकटीचा हात धरून बोट टोचलं आणि मशीनवर साखर बघितली. चारशे ऐंशी. दवाखान्यात फोन लावला तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आत्ता घेऊन या. आज इन्सुलिन गेलं नाही, तर उद्या तुम्ही त्यांना बेशुद्ध आणाल. परवाचं मला विचारू नका.”

“मी येणार नाही,” धाकटी म्हणाली. “पहिले दिवस त्रास होतोच. स्वादुपिंड उठायला लागलं की असं होतं. लिहिलंय तसं.”

“कुठे लिहिलंय?”

“नेटवर. मी स्वतः खात्री केलीय ताई. मी काही अशीच कुणाच्या नादी लागलेली नाही.”

“अगं, चौदा वर्षं ती डॉक्टर तुला सांभाळतेय. आणि हा कानटोपीवाला तुला परवा भेटला.”

“पण त्याला कळलं कसं? ते सांग ना मला. सुईचा कंटाळा आलाय, तुझ्यामुळे बोलत नाही, हे मी जन्मात कुणाला सांगितलेलं नाही. तुला माहीत नव्हतं. डॉक्टरला नाही. कुणालाच नाही.”

बाईंना ते फार लागलं. आपली बहीण चौदा वर्षं मुकाट्यानं टोचून घेते आणि आपल्याला पत्ता नसतो. त्या खुर्चीत बसल्या. बसल्या बसल्या रविवारचं सगळं आठवू लागल्या. दार, गर्दी, माना खाली.

“तू दारात एवढा वेळ काय लिहीत होतीस?”

“ते वायफायचं. नाव, खुर्चीचा नंबर, कुणाची काळजी आहे, काय काळजी आहे. सविस्तर लिहिलं की सेवा चांगली मिळते. त्याशिवाय नेट सुरूच होत नाही.”

“मग तू काय लिहिलंस?”

“हेच. सुईचं. तुझं.”

“आणि म्हणतेस कुणाला सांगितलं नाही.”

धाकटीनं ताईकडे अशी नजर टाकली, की जणू हिची आता कीवच करावी. “ताई, मी सांगितलं नाही गं. ते फोनमध्येच तर लिहिलं. फोनमध्ये लिहिणं म्हणजे सांगणं थोडंच असतं?”

यावर बाई हसल्या असत्या, पण समोर पाण्याचा तिसरा जग रिकामा झालेला होता. आणि हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. एक्स्चेंजमध्ये माणसं म्हणायची, “ताई, जरा जोडून द्या.” ताई जोडून द्यायच्या. पुढच्याच क्षणी ती माणसं अशी बोलायला लागायची, की मधे कुणी ताई जन्मालाच आली नव्हती. कोण कुणाला फसवतोय, कुणाचं लग्न मोडतंय, सगळं. मग रस्त्यात भेटल्यावर बाईंच्या तोंडून चुकून “आता कशी आहे तब्येत?” निघालं, की दचकायची. तुम्हाला कसं कळलं? जशी काही तार नुसती तार असते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कुणी बसलेलंच नसतं. तेव्हाची माणसं निदान इंटरनेटचे जाणकार तरी नव्हती.

दुसरीही एक गोष्ट त्यांना आठवली. तारांच्या जुडग्यातली कुठली तार कुठे जाते ते कळेनासं झालं, की लाइनमन अंदाज करत बसायचा नाही. एका टोकाला आवाज सोडायचा आणि कुठल्या टोकातून बाहेर येतो ते ऐकायचं. आवाज मात्र वेगळा हवा. दुसरीकडून कुठूनही येऊ शकणार नाही असा.

“आज चारला सभा आहे ना?” बाई म्हणाल्या. “मी येते. वायफायही जोडते. गुरूनं मला काही सांगितलं आणि ते ऐकून तू म्हणालीस की सुई नको, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. पण सभेतून उठल्यावर तुला शंका आली, तर घरी न येता सरळ दवाखान्यात. कबूल?”

धाकटीचा चेहरा उजळला. ताईला अखेर अक्कल आली, असं तिला मनापासून वाटलं.

चार वाजता दारात हेडक्लार्कांनी बाईंचा ताबा घेतला. “घाबरायचं नाही. मी आहे. हे बघा, हे वायफाय. हे म्हणजेच इंटरनेट.”

“हे म्हणजेच?”

“हेच. आता यानं तुम्हाला ओळखलं पाहिजे. मशीन आहे शेवटी. म्हणून माहिती भरायची. काही लपवायचं नाही, मशीनपुढे कसली लाज?”

“तुम्हीही भरलीत?”

“अथपासून इतिपर्यंत.”

“मग जरा तिकडे तोंड करा. मी नवखी आहे, मला लाज वाटते.”

हेडक्लार्क दयेनं हसून वळले. बाईंनी फोन छातीशी धरला आणि एकेक अक्षर शोधून लिहायला लागल्या. नाव. दारात मिळालेल्या चिठ्ठीवरची खुर्ची, त्रेचाळीस. कुणाची काळजी: धाकटी बहीण. पुढचं लिहिताना बोट थांबलं. असलं काही लिहायचं म्हणजे बोट झडावं असं त्यांना वाटलं. मग त्यांनी पाण्याचा तिसरा जग डोळ्यांपुढे आणला आणि लिहिलं: ‘मागच्या वर्षी गेली. साखरेनं. तिचा जीव कशात अडकला असेल का, या विचारानं झोप लागत नाही.’ हे त्यांनी कुणाला दाखवलं नाही, कुणाला सांगितलं नाही. नुसतं फोनमध्ये लिहिलं.

मग जाऊन त्रेचाळीसवर बसल्या. चव्वेचाळीसवर धाकटी बसली, दमलेली, पण डोळ्यांत उत्साह. जाता जाता बाईंनी एकतीस वर्षांच्या सवयीनं एक गोष्ट बघून ठेवली. दारावरच्या वायफायच्या पांढऱ्या डबीतून एक करडी तार निघून, भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली, स्टेजशेजारच्या छोट्या दाराखाली गेलेली होती. दारावर पाटी होती, ‘साहित्य’.

गुरूनं आधी एकाची कंबर सांगितली, मग एकीच्या जावयाची दारू सांगितली. लोक ‘अरे बापरे’ म्हणत होते. त्यातल्या प्रत्येकानं अर्ध्या तासापूर्वी स्वतःच्या बोटानं आपापली कंबर आणि आपापला जावई लिहून दिला होता. पण दुसऱ्याचा चमत्कार बघताना आपण काय लिहिलं ते आठवायची कुणाला गरज पडली नव्हती. मग दोन बोटं कपाळाला लागली.

“पाचवी रांग. निळी साडी. बाई, तुमच्या शेजारी कुणीतरी आहे.”

“आहे,” बाई म्हणाल्या.

“सगळ्यांना दिसणार नाही. मला दिसतंय. बाईमाणूस आहे. तुमच्याच रक्ताची. धाकटी बहीण.”

धाकटीनं आनंदानं ताईचा दंड दाबला.

“मागच्या वर्षी गेली,” गुरू म्हणाला. “साखरेनं गेली.”

दंडावरचा हात सैल पडला.

“तुम्हाला झोप लागत नाही. तिचा जीव कुठे अडकलाय का, असं वाटतं. नाही अडकलेला. ती आत्ता माझ्याशी बोलतेय. पांढऱ्या कपड्यांत आहे. म्हणतेय, ताई, रडू नकोस. मी इथे सुखात आहे. इथे सुया नाहीत.”

सभागृहात काहीजणांनी डोळे पुसले. बिल्डिंगमधली चार डोकी मात्र हळूहळू चव्वेचाळीस नंबरकडे वळली. धाकटी उभी राहिली. उभं राहताना तिला पुढच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

“मी असं काही म्हणत नाहीये,” ती म्हणाली.

“तुम्ही कोण?”

“मीच ती. हिची धाकटी बहीण. हिला मी एकटीच बहीण आहे.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. गुरूनं डोळे उघडले, टोपीवरून कानाशी हात नेला, पुन्हा मिटले. असल्या माणसांना गप्प बसणं जमत नाही, हीच त्यांची गोची.

“काळ!” तो म्हणाला. “काळाचा सिग्नल आहे हा. वरच्या नेटवर मागचं-पुढचं एकत्र असतं. मी जे पाहिलं ते पुढचं पाहिलं.”

“भविष्य!” हेडक्लार्क ओरडले. “भविष्य सांगितलं!” आणि बघता बघता अर्ध्या सभागृहानं मान डोलावली. पाच सेकंदांपूर्वी पडलेला चमत्कार त्यांनी स्वतःच उचलून, झटकून परत सोफ्यावर बसवला. सवयच होती त्यांना.

बाई उठल्या. आवाज चढवायची त्यांना गरज नव्हती. ट्रंक लाइनवर तीनशे मैलांपलीकडच्या बहिऱ्या माणसाला ऐकू जाईल असं बोलणं हा त्यांचा धंदाच होता.

“म्हणजे ही साखरेनं जाणार, हे तुम्हाला दिसत होतं. मग रविवारी तिला सुई बंद करायला का सांगितलंत?”

बाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्या भिंतीशी गेल्या, करड्या तारेवर बोट ठेवलं आणि तारेबरोबर चालत चालत ‘साहित्य’ लिहिलेल्या दारापाशी पोचल्या. दाराला कडी नव्हती. जाणकारांपैकी कुणी आत डोकावेल अशी भीती कुणाला कधी वाटलेलीच नसणार.

आत एक मध्यमवयीन बाई कॉम्प्युटरपुढे बसलेली. पाठ ताठ, कानाला हेडसेट, एक हात माइकच्या दांडीवर. बाईंना क्षणभर आपल्याच जुन्या खोलीत आल्यासारखं वाटलं. ती माइकमध्ये कुजबुजत होती, “त्रेचाळीस सोडा, विषय बदला, सत्तर घ्या, सत्तर, गुडघे.” पडद्यावर खुर्च्यांचे नंबर एकाखाली एक होते आणि प्रत्येकापुढे त्या माणसाचं दुःख, त्याच्याच चुकांसकट. शेवटच्या ओळीत होतं, ‘४३: बहीण मेली, साखर.’

“इथे यायला परवानगी नाही,” ती बाई दचकून उठली. हेडसेट टेबलावर पडला.

“ड्यूटी बदलली,” म्हणत बाईंनी तो उचलला, कानाला लावला आणि बारा वर्षांनी पुन्हा तोच आवाज लावला. “हॅलो. एक्स्चेंजमधून बोलतेय.”

बाहेर लाउडस्पीकरवर गुरूचा आवाज घुमला, “कोण? कोण बोलतंय?”

बाहेरच्यांना तर कुणीच बोलताना ऐकू आलं नव्हतं.

उघड्या दारातून बाईंना सोफा दिसत होता. “तुमची टोपी डावीकडे सरकलीय. सरळ करा.”

अडीचशे माणसांच्या देखत गुरूनं निमूट टोपी सरळ केली.

“उभे राहा.”

तो उभा राहिला.

“आता सांगा त्यांना, आवाज कुठून येतोय ते.”

“वहिनी, कोण आहे तिथे?” गुरू माइकवर म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर त्यानं टोपीच ओढून काढली. कानातून वाटाण्याएवढं काळं काहीतरी निसटलं आणि घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत आलं. पहिल्या रांगेतल्या बाईंनी ते उचलून कानाशी धरलं. “यात पाचव्या रांगेतल्या बाई बोलतायत,” त्या शेजारणीला म्हणाल्या.

मग मात्र सगळे उठले. गुरू स्टेजच्या मागच्या बाजूनं गेला, वहिनीही त्याच वाटेनं. लोक छोट्या खोलीत घुसले आणि पडद्यासमोर उभे राहून आपापल्या ओळी वाचायला लागले. आपली मूळव्याध, आपला जुगारी मुलगा, आपली न बोलणारी बायको, सगळं आपल्याच शब्दांत, आपल्याच नंबरापुढे. आणि शेजाऱ्यांचंही वाचता येत होतं. बारा नंबरपुढे लिहिलं होतं, ‘सून विचारत नाही. एकटं जेवावं लागतं.’ हेडक्लार्कांनी त्या ओळीवर तळहात ठेवला तो काढेचनात. बाईंना त्यांची दया आली. पण फार नाही. ज्या हातानं ती ओळ झाकली, त्याच हातानं आपल्या अकराव्या जाणकाराला, धाकटीला, इथे आणून बसवलं होतं.

त्यांनी धाकटीला धरून बाहेर आणलं. फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, जिथे गुरूचं वायफाय पोचत नव्हतं तिथे.

“आता तेच विचार,” त्या म्हणाल्या. “तुझ्या स्वतःच्या नेटवर.”

धाकटीनं विचारलं. पान उघडायला वेळ लागला. मग ती एकेक शब्द वाचत गेली. डॉक्टरला विचारल्याशिवाय इन्सुलिन बंद करू नये. जिवाला धोका. वाचून झाल्यावर तिनं फोन बंद केला.

“मग आत ते वेगळं कसं आलं? तेही नेटच होतं ना?”

“ते त्याच्या वहिनीनं लिहून ठेवलेलं एक पान होतं. तू त्याच्या घरात शिरून त्यालाच विचारत होतीस, तू खरा ना? तो नाही कशाला म्हणेल?”

“आणि हे बाहेरचं तरी खरं कशावरून?”

बाईंना त्या सबंध दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं. “हे विचारलंस ना, हे आधी विचारायचं होतंस,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी टॅक्सीला हात केला.

मंडळी, गोष्ट इथेच सांगायची थांबवता आली असती. पण त्याच संध्याकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर हेडक्लार्कांचा संदेश आला, ‘मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. नेटवर याविषयी वाचलं होतं.’ खाली चौऱ्याऐंशी अंगठे. तेव्हा जरा स्पष्टच सांगतो. फोन वापरता येणं म्हणजे शहाणपण नव्हे. बटण दाबायला माकडालाही शिकवता येतं. काचेवर तुम्ही जे लिहिता ते कुणीतरी वाचतं, आणि काचेवर जे उमटतं ते कुणीतरी लिहिलेलं असतं. तो कोण, त्याला त्यातून काय मिळतं, आणि हेच उत्तर त्याच्या फाटकाबाहेर गेल्यावरही येतं का, एवढं विचारा. विचारायला कुठला वर्ग लावावा लागत नाही. ऑपरेटरबाईंना शेवटपर्यंत फुलांचा फोटो पुढे पाठवता आला नाही. त्यांचं काही अडलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी सुई दिली, मग सलाइन लावलं, आणि रागवायचं उद्यावर ठेवलं. धाकटी पलंगावर पडून छताकडे बघत होती. बाई स्टुलावर बसल्या होत्या.

“ताई,” थोड्या वेळानं धाकटी म्हणाली, “मी मेले असं लिहिलंस तू. हात धजावला तरी कसा?”

“नव्हता धजावत.”

“मग?”

“आज खोटं लिहिलं नसतं, तर या आठवड्यात खरं लिहावं लागलं असतं.”

सलाइनचे थेंब पडत राहिले. मग धाकटीनं मोकळा हात पुढे केला आणि ताईच्या पदराचं टोक घट्ट धरलं.

“मला सुईचा फार कंटाळा येतो गं,” ती म्हणाली. हे मात्र तिनं फोनमध्ये लिहिलं नाही, ताईला सांगितलं.